कॅटनिपला अफूच्या पंक्तीत बसवू नका

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या पानावर आपण कॅटनिपबद्दल मजकूर छापला. मांजराला चटक लावणारा अमली पाला, असा त्याचा एकंदर सूर होता. त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण सोमवारी दुकानाचं शटर वर करतेय तोच दोन गिऱ्हाइकं पाकिटं परत घेऊन हजर. त्यातल्या एका काकांनी तर पाकीट रुमालात गुंडाळून आणलं होतं. आवाज खाली करून विचारतात, "वहिनी, हे घरात सापडलं तर पोलीस केस होते का?"

होत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात या झाडाचं नाव नाही. पुदिना आणि तुळस ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झुडूप. शास्त्रीय नाव नेपेटा कॅटारिया. पानं करड्या-हिरव्या रंगाची, कडा दातेरी, अंगावर बारीक लव, फुलं पांढरट आणि त्यावर जांभळे ठिपके. माणसं युरोपात याचा काढा करून पितात. मांजरांवर त्याचा होणारा परिणाम मात्र अजब आहे, आणि तो नीट सांगितला गेला नाही म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माझी ओळख. मिरजेत लक्ष्मी मार्केटपासून जवळच आमचं पशुखाद्याचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी सरकी पेंड, शेंगपेंड, भुसा आणि कांडी एवढंच मिळायचं. आता अर्ध्या दुकानात कुत्र्या-मांजरांचं खाणं, पट्टे, वाळू, खेळणी. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि पुढे आयुष्यभर पेंड तोलली. त्यामुळे दुकानात झाडपाल्याचा विषय निघाला की मला जरा जास्तच बोलायला होतं, असं घरचे म्हणतात. कॅटनिप मी विकते, हेही आधीच सांगून टाकते. म्हणजे पत्र वाचताना वाचकांनी ते हिशेबात धरावं. पन्नास-साठ रुपयांच्या पाकिटात मला सुटतं किती, हा वेगळा विषय.

दुकानात दोन मांजरं आहेत. सखू ही भाटी, आणि एक पिवळा बोका, त्याचं नाव भाऊसाहेब. सखूपुढे चिमूटभर वाळलेलं कॅटनिप बोटांनी चुरडून टाकलं की काय होतं ते ऐका. आधी ती नाक लावते. मग चाटते, चावते, मान झटकते. मग हनुवटी आणि गाल त्या चुऱ्यावर घासायला लागते, एकदा डावा, एकदा उजवा. मग खांदा जमिनीला टेकवून सगळी आडवी होते आणि या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. तोंडातून थोडी लाळ गळते. जवळ कापडी उंदीर असला तर त्याला पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी लाथा हाणते. हा सगळा खेळ पाच ते पंधरा मिनिटांचा. मग उठते, आळस देते, अंग चाटून साफ करते आणि पोत्यावर जाऊन बसते. लगेच पुन्हा चिमूट टाका, ढुंकून बघणार नाही. अर्धा तास ते दोनेक तास नाक जणू त्या वासाला बंदच असतं.

काही मांजरं लोळत नाहीत, नुसती भिंतीकडे बघत बसतात. काही घरभर उधळतात. एखादं जरा चिडखोर होतं आणि दुसऱ्या मांजराला फटका देतं. घरात दोन मांजरं असतील तर पहिल्या वेळी त्यांना वेगवेगळ्या खोलीत द्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

हे लोळणं बघून बायका मला हळूच विचारतात, "माजावर आलीय का हो?" प्रश्न वेडगळ नाही. माजावर आलेली भाटी साधारण अशीच लोळते, आणि अभ्यासकांनाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. पण बोकेही असंच करतात, आणि ऑपरेशन करून आणलेली मांजरंही करतात. तेव्हा ती शंका सोडून द्यावी.

भाऊसाहेबाचं काय? काही नाही. त्याच्या नाकाखाली अख्खं पाकीट रिकामं केलं तरी तो शिंकतो आणि निघून जातो. "माल डुप्लिकेट आहे" ही माझ्याकडे येणारी सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिचं उत्तर भाऊसाहेब आहे. साधारण तीनातल्या दोन मांजरांवर कॅटनिपचा असर होतो, तिसऱ्यावर होत नाही. हे आईबापाकडून येतं. १९६२ साली नील टॉड या अमेरिकन संशोधकाने मांजरांच्या वंशावळी तपासून हा गुण आनुवंशिक असल्याचं दाखवलं. तो एकाच जनुकाचा खेळ मानत होता. नंतरच्या अभ्यासांतून प्रकरण तेवढं सोपं नसल्याचं दिसलं. पिल्लांवरही असर नसतो. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू या वासाकडे फिरकत नाही, कधी कधी मागेच सरकतं. सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबा आणि मग ठरवा. इथे गिऱ्हाईक पिल्लू घेतल्या घेतल्या कॅटनिप मागतं. मी देत नाही, तेव्हा त्याला वाटतं काकूंना धंदा नकोय.

आता मुख्य मुद्दा, नशेचा. आपल्या लेखकाने 'ओपिऑइड', म्हणजे अफूच्या जातीचं द्रव्य, हा शब्द कुठेतरी वाचला आणि थेट अफूपर्यंत उडी मारली, असा माझा अंदाज आहे. शब्दाला आधार आहे. उडीला नाही.

जपानमधल्या इवाते विद्यापीठात मासाओ मियाझाकी आणि रेइको उएनोयामा यांनी हा अभ्यास केला, आणि तो जानेवारी २०२१ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात आला. तो फुकट वाचायला मिळतो, मी फोनवर वाचला. जपानात मांजरांना पूर्वापार 'मातातबी' नावाच्या वेलीची पानं देतात. ही वेल किवी फळाच्या जातभाईंपैकी. तिचाही परिणाम कॅटनिपसारखाच. कॅटनिपमधलं रसायन नेपेटालॅक्टोन, ते १९४१ सालीच अमेरिकेत वेगळं काढलं गेलं होतं. मातातबीत जपान्यांना त्याचं सख्खं भावंड सापडलं, नेपेटालॅक्टॉल. ते कागदाच्या तुकड्यावर टाकून मांजरांपुढे ठेवलं, की मांजरं त्या कागदावर गाल घासून लोळू लागली. नुसती घरची मांजरं नाहीत, प्राणिसंग्रहालयातले बिबट्या, जग्वार आणि लिंक्ससुद्धा. कुत्रे आणि उंदीर मात्र ढिम्म.

मग त्यांनी मांजरांचं रक्त तपासलं. तो वास घेतल्यावर रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलेलं आढळलं. हे शरीर स्वतःच तयार करतं. माणसाचंही करतं, दुखणं बोथट करायला. पुढे त्यांनी मांजरांना आधी नॅलॉक्सोन टोचून पाहिलं. अफूजन्य औषधाचा डोस जास्त झाला की माणसांच्या दवाखान्यात उतारा म्हणून देतात ते हेच. ते टोचल्यावर मांजरांचं घासणं आणि लोळणं थांबलं. यावरून निघतं एवढंच, की मांजराला या वासाने जे बरं वाटतं, ते त्याच्या मेंदूतल्या त्याच वाटेने, जिचा अफूही वापर करते. पण अफू बाहेरून आत जाऊन ती वाट अडवून बसते. इथे बाहेरचा नुसता वास आहे, आणि बाकी सगळं मांजराचं शरीर आपल्याच गाठीचं खर्च करतं. खर्च झालं की खेळ संपला. म्हणून सखू पंधरा मिनिटांनी उठून जाते.

व्यसन म्हणजे काय, हे मिरजेच्या बाजारात राहणाऱ्या बाईला कुणी शिकवायची गरज नाही. मात्रा वाढत जाते, मिळालं नाही की जीव कासावीस होतो, खाणंपिणं सुटतं. यातलं एकही लक्षण मी कॅटनिपवाल्या मांजरात पाहिलेलं नाही, आणि अभ्यासकांनीही नोंदवलेलं नाही. पाकीट कपाटात असलं तर सखू कपाटाखाली धरणं धरून बसत नाही. हां, पाकीट गल्ल्याशेजारी उघडं राहिलं तर ती ते पळवते. पण ती सुकटही पळवते.

याच जपानी अभ्यासातली पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली, आणि आपल्या लेखात तिचा मागमूस नव्हता. मांजर गाल आणि डोकंच का घासतं? तर त्या पानाचा अर्क अंगावर, विशेषतः तोंडावर फासला जावा म्हणून. मांजराच्या अंगावर दाट केस असतात. डास चावतो तो कान, पापण्या, नाक अशा उघड्या जागी. संशोधकांनी मांजरांच्या डोक्याला नेपेटालॅक्टॉल लावून त्यांना डासांच्या पिंजऱ्याजवळ ठेवलं, तर त्यांच्यावर बसणारे डास निम्म्याच्या आसपास उतरले. डास एडिसच होते, डेंग्यू पसरवणाऱ्यांपैकी एक जात. म्हणजे ज्याला आपण नशेत लोळणं म्हणतो, ते मांजराचं ओडोमॉस लावणं आहे. त्यात त्याला आनंद होतो हे खरं, आणि आनंद होतो म्हणूनच ते लावतं.

२०२२ मध्ये त्याच मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली. मांजर पान चावतं, फाडतं, ते खाण्यासाठी नव्हे. पान फाटलं की त्यातून हे रसायन कितीतरी पटीने जास्त बाहेर पडतं. युरोपातल्या जुन्या माळ्यांना हे अनुभवाने ठाऊक होतं. बियांपासून जागेवर उगवलेलं झाड मांजर सहसा सोडून देतं, पण रोप उपटून दुसरीकडे लावलं की हाताळताना पानं दुखावतात, वास सुटतो आणि सकाळी वाफ्यात रोपाच्या जागी मांजर सापडतं, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे. माझ्या गच्चीवरच्या कुंडीचंही तेच झालं. (इथल्या एप्रिलात ते झाड तसंही मान टाकतं. कुणाला लावायचंच असेल तर दसऱ्यानंतर लावावं, दुपारची सावली मिळेल अशा जागी.)

आणि हो, हा परिणाम वासाचा आहे, पोटात गेल्याचा नाही. मांजराच्या टाळूजवळ वास ओळखणारा दुसरा एक अवयव असतो, त्याचाही यात संबंध नाही, हे १९८५ सालीच प्रयोगाने दाखवलं गेलंय. साध्या नाकाने काम भागतं. तेव्हा खाण्यात मिसळून, गोळी करून देणं व्यर्थ. जास्त पोटात गेलं तर उलटी किंवा जुलाब होतात, एवढाच काय तो खरा धोका. गाभण मांजराला न दिलेलं बरं, असं आमचे पशुवैद्यक सांगतात. मीही तेच सांगते.

झाडाने हे रसायन मांजरासाठी बनवलेलंच नाही. ते बनवलंय किड्यांना दूर ठेवायला. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आइसनर यांनी १९६४ मध्ये ते दाखवलं. २००१ मध्ये आयोवातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलं, की डासांना पळवायला डीटपेक्षा (डास पळवणाऱ्या मलमांत वापरतात ते रसायन) नेपेटालॅक्टोन दहापट कमी मात्रेतही पुरतं. हे ऐकून आमच्या गल्लीतल्या एकाने कॅटनिप उकळून घरभर शिंपडायचा बेत केला होता. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ते भराभर उडून जातं. डीटसारखं तासन्‌तास टिकत नाही. दोन, गल्लीतली झाडून सारी मांजरं तुझ्या दारात येतील. मच्छरदाणी लाव म्हटलं.

दुकानात शेतकरी येतात म्हणून त्यांच्यासाठीही एक गंमत. करडईवर, वालावर मावा पडतो ना? माव्याच्या बऱ्याच जातींच्या माद्या नराला बोलवायला हवेत जे सोडतात, त्यात हेच नेपेटालॅक्टोन असतं. एकच रेणू, माव्याला ती प्रेमपत्रिका, डासाला हाकलपट्टी, मांजराला सण. बॉटनीच्या वर्गात हे शिकवलं असतं तर मी जास्त लक्ष दिलं असतं.

कंपन्यांबद्दलही लिहिते, नाहीतर वाटेल दुकानदारीण आपल्या मालाची वकिली करतेय. पाकिटावर काय वाट्टेल ते छापतात. 'ताणतणाव दूर', 'शिस्त लावतो', 'रोज द्या'. रोज दिलं तर मांजराला त्याचं काही वाटेनासं होतं; आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. शिस्त बिस्त काही लागत नाही. फवाऱ्याच्या बाटल्यांत पाणी किती आणि तेल किती, हे छापलेलंच नसतं. आणि मुख्य म्हणजे पाकिटं पारदर्शक. ती दुकानदार उन्हात दोरीवर गुटख्याच्या पुड्यांशेजारी लटकवतो, महिन्या-दोन महिन्यांत तेल उडून जातं, आणि उरतो तो वाळका पाला. घेताना पाकीट दाबून वास बघा. पुदिन्यासारखा पण किंचित उग्र वास आला पाहिजे. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवा. देताना बोटांनी चुरडा.

उपयोग म्हणाल तर आहे, पण घरगुती. आमचं गाव तंतुवाद्यांचं. तंबोऱ्याचे भोपळे माळ्यावर साठवलेले असतात आणि उंदीर ते कुरतडतात, म्हणून आमच्या ओळखीच्या एका कारागिराने मांजर पाळलं. उंदीर गेले. मग मांजर लागलं नख्या काढायला, आणि तेही नेमकं पॉलिश करून वाळत ठेवलेल्या तंबोऱ्यावर. हाताने महिनाभर घासलेलं काम! तो माणूस मांजर सोडून यायच्या बेतात होता. मी त्याला म्हटलं, हाताशी पडलेला लाकडी ओंडका घ्या, त्याला सुतळीने गोणपाट गुंडाळा, तंबोरे असतात त्याच खोलीत उभा करा आणि गोणपाटात कॅटनिप चोळा. मांजराला नख्या काढायला बंदी नाही करता येत, फक्त जागा देता येते. तीन-चार वेळा चोळावं लागलं. आता ते मांजर ओंडक्यावर नख्या काढतं आणि भोपळ्यांच्या राशीत झोपतं. तसंच मांजराला दवाखान्यात न्यायची टोपली आधी चार दिवस उघडी ठेवून तिच्यात चिमूटभर टाकली, तर ते आपणहून आत जाऊन बसतं. ऐन निघायच्या वेळी मात्र टाकू नका. एखादं उधळलं तर रिक्षावाला तुम्हाला उतरवेल.

आणि पाकीट घ्यायचंच कशाला? आपल्याकडे पावसाळ्यात गटाराच्या कडेला, पडक्या भिंतीत खोकली उगवते. कुणी खाजोटी म्हणतं. शास्त्रीय नाव अकॅलिफा इंडिका. हातभर उंचीचं झुडूप, लांब देठाची दातेरी पानं, आणि दांड्यावर कपासारखी हिरवी पानं चिकटलेली. मला ते तण म्हणूनच माहीत होतं. इथल्या दवाखान्यांत केरळच्या सिस्टर पुष्कळ. त्यांच्यातली एक मांजराचं खाणं घ्यायला येते. तिने दुकानामागे ते झुडूप बघितलं आणि हसून म्हणाली, आमच्याकडे याला 'पूच्चमयक्की' म्हणतात. पूच्च म्हणजे मांजर. तिने ते मुळासकट उपटलं, मूळ ठेचलं आणि फरशीवर ठेवलं. सखू तर आलीच, पण भाऊसाहेब! जन्मात कॅटनिपकडे न बघितलेला बोका त्या मुळाला कवटाळून फरशीवर गडगडत होता. सिंगापूरमध्येही मांजरवाले हे मूळ वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून नेपेटालॅक्टोनच्या नात्यातली रसायनं वेगळी काढलीत. तिथे रानमांजर झालेल्या मांजरांना पकडण्यासाठी आमिष म्हणून त्यांना ती हवी होती. बोक्याचं वागणंही काही जगावेगळं नव्हे. २०१७ मध्ये शंभर मांजरांवर चार वनस्पती तपासलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कॅटनिपला दाद न देणाऱ्यांपैकी चारातल्या तीन मांजरांनी मातातबीला दाद दिली होती.

खोकलीबाबत एक ताकीद. मूळ हुंगायला द्या, पाला शिजवून किंवा कुस्करून मांजराच्या पोटात घालू नका, आणि स्वतःही खाऊ नका. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसांमध्ये ही पानं खाल्ल्याने तांबड्या पेशी फुटल्याच्या घटना श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. रस्त्याकडेचं झाड घेऊ नका, तिथे तणनाशक मारलेलं असतं. आणि झाड ओळखता येत नसेल तर सरळ पाकीट घ्या. खोकली एरंडाच्या कुळातली आहे, आणि त्या कुळात विषारी नातेवाईक भरपूर.

संपादक महोदय, मला राग आला तो खरा इथे. कॅटनिपच्या भीतीने पाकीट रुमालात गुंडाळून आणणाऱ्या त्या काकांनी, जाता जाता, मांजराला कणकण वाटतेय म्हणून अर्धी पॅरासिटामॉल देऊ का, असं विचारलं. मी काउंटरवरून बाहेर आले. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करायची यंत्रणा फार तोकडी असते. आपण तापाला घेतो ती ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. ज्या घरात हे घडतं त्या घरातल्या माणसांनी ती गोळी मायेनेच दिलेली असते.

दुसरं, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध. मानेवर थेंब टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला चालत नाही. झटके येतात आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर मांजर जातं. कुत्र्यावर उरलेले चार थेंब मांजरावर टाकणारी माणसं मला दर उन्हाळ्यात भेटतात. तिसरं, लिली. सत्काराच्या पुष्पगुच्छातली ती मोठी सुवासिक लिली. तिचे परागकण अंगावर पडले आणि मांजराने अंग चाटलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण घातलेला रस्साही मांजराला नको. हे सगळं आपल्या घरात, कपाटात, फुलदाणीत उघड असतं, आणि त्याला कुणी अमली वगैरे म्हणत नाही म्हणून कुणी घाबरतही नाही.

तेव्हा विनंती अशी. कॅटनिपचा मजकूर बेकायदेशीरपणाची शंका येईल असा छापला गेला, तेवढा भाग तरी दुरुस्त करावा. आणि तेवढ्याच जागेत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, एखाद्या पशुवैद्यकाकडून पॅरासिटामॉल आणि पर्मेथ्रिनबद्दल लिहून घ्यावं. सोबत रात्री उघडे असणारे पशुवैद्यकीय दवाखाने जिल्हावार फोन नंबरांसह छापलेत, तर ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली लावीन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक पशुखाद्य विक्रेती, मिरज
(नाव छापू नये, ही विनंती)